डाळिंबाला मर लागलीय: आधी रासायनिक आळवणी की आधी ट्रायकोडर्मा?

मोसमकाठ · ११ जून, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बागलाण तालुक्यात मोसम नदीपासून कोसभर आत आमची दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. १४ बाय १० वर लागवड, ६२० झाडं, सहावं वर्ष. हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) धरतो. यंदाचा माल एप्रिलमध्ये निघाला, बाग विश्रांतीत आहे.

मे संपता संपता चौथ्या ओळीतल्या एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली. पाणी कमी पडलं असेल म्हणून ड्रिपर पाहिले, सगळे चालू. दहा-बारा दिवसांत अख्खं झाड बसलं. पानं गळाली नाहीत, वाळून झाडावरच लटकून राहिली. आज अशी ९ झाडं आहेत. सगळी चौथ्या-पाचव्या ओळीत, एकाला एक लागून.

दुकानात विचारलं तर कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक आणि जैविक ट्रायकोडर्मा दोन्ही दिलं आणि एकाच ड्रममध्ये कालवून आळवणी करायला, म्हणजे मुळाशी सोडायला सांगितलं. आठ दिवसांच्या अंतराने दोनदा सोडलं. काडीचा फरक नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, गावातलीच माणसं आहेत.

वडिलांनी तेल्या रोगापायी एक बाग उपटली होती. मी तेव्हा शाळेत होतो. झाडं उपटली त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणून हात जोडून विचारतो: आधी काय सोडू आणि नंतर काय?

कसमादे डाळिंब · ११ जून, रात्री १०:०५

भाऊ, ट्रायकोडर्मा बंद कर. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक सोड, सरळ. आमच्याकडे देवळ्यात त्यानेच थांबली. जैविकाच्या नादात महिना घालवलास तर ९ ची ९० होतील.

निसर्गशेत चांदवड · ११ जून, रात्री १०:४०

याला माझा विरोध आहे. रासायनिक आळवणी करून करूनच जमिनी मेल्यात. जीवामृत, शेणखत आणि ट्रायकोडर्मा तीन वर्षं सातत्याने दिलं तर मर येतच नाही. आमच्या बागेत एकही झाड गेलेलं नाही.

मातीचा डॉक्टर · १२ जून, सकाळी ६:५०

मोसमकाठ, मी वनस्पती रोगशास्त्रात नोकरी करून निवृत्त झालो, आता नाशिकलाच असतो. काय सोडायचं ते नंतर ठरवू. आधी सांगा, एक तरी झाड कापून पाहिलंत का?

मर हे एका रोगाचं नाव नाही. ताप म्हणजे जसा एक आजार नव्हे, तशीच ही गोष्ट. झाड बसलं म्हणजे वर पाणी चढत नाही, एवढंच कळतं. ते का चढत नाही याची कारणं डाळिंबातच चार-पाच आहेत. सेराटोसिस्टिस बुरशी, फ्युजॅरियम, मुळं कुजवणारी फायटोप्थोरा, मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी आणि खोडात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडणारा भुंगेरा. यातली दोन-तीन एकाच झाडात सापडतात, हेही नेहमीचं आहे.

औषध प्रत्येकाचं वेगळं. फायटोप्थोरा असेल तर कार्बेन्डाझिमचा ड्रम ओतला तरी ती मरणार नाही. ती खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही, तिथे मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल एएल लागतं. सेराटोसिस्टिस असेल तर मेटॅलॅक्झिल वाया. सूत्रकृमीला यातलं काहीच लागू पडत नाही.

उद्या सकाळी एवढं करा. पूर्ण वाळलेलं झाड नको. नुकतंच पिवळं पडायला लागलेलं झाड घ्या. जमिनीपासून वीतभर वर खोडाला आडवा काप द्या. मुळ्या उकरा आणि पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहा. खोडावर छिद्रं आणि भुसा आहे का तेही पाहा. फोटो टाका.

मोसमकाठ · १३ जून, दुपारी १:१५

सर, सांगितल्याप्रमाणे केलं. फोटो टाकलेत. आडव्या कापात साल ठीक आहे, पण आतल्या लाकडात मध्यापासून बाहेर जाणारे काळपट-करडे पट्टे आहेत, चांदणीसारखे. उभं चिरलं तर तोच रंग मुळाकडे जास्त गडद होत जातो. पांढरी मुळी फारच कमी. दोन-तीन मुळ्यांवर बारीक गाठी आहेत, मोहरीएवढ्या. तीन झाडांच्या बुंध्यावर छिद्रंही सापडली. इतके दिवस बागेत फिरतो, खाली वाकून कधी पाहिलंच नव्हतं.

मातीचा डॉक्टर · १३ जून, संध्याकाळी ५:३०

चांदणीसारखे करडे पट्टे म्हणजे सेराटोसिस्टिस फिम्ब्रियाटाचा दाट संशय. हा रोग आपल्याकडे डाळिंबात पहिल्यांदा विजापूर भागात १९९० च्या सुमारास दिसला. कारण ही बुरशी आहे हे निश्चित व्हायला १९९६ उजाडलं. तोवर शेतकरी पाणी, खत, हवामान, नशीब अशा सगळ्यांना दोष देत राहिले.

तरी संशयावर औषध नको. प्रयोगशाळेत नमुना द्याच. मालेगावचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ पडेल. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांचाही सल्ला घ्या. अहवाल येईतो घरी एक चाचणी करा. त्यासाठी गाजर लागेल, दुसरं काही नाही.

ताजं गाजर धुवा, सोला, अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. खोडाच्या करड्या आणि निरोगी भागाच्या सीमेवरून लाकडाचे पातळ कपचे काढा. दोन चकत्यांच्या मध्ये कपचा ठेवा, रबर लावा. ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको. दुसऱ्या डब्यात निरोगी झाडाचा कपचा तसाच ठेवा, तुलनेला. सात ते दहा दिवसांनी उघडा. सेराटोसिस्टिस असेल तर चकतीवर काळे बारीक ठिपके येतात. भिंगातून पाहिलं की प्रत्येक ठिपक्याला केसासारखी लांब मान आणि मानेच्या टोकावर मलईच्या रंगाचा थेंब दिसतो. तो थेंब म्हणजे बीजाणू. डब्याला पिकल्या केळ्यासारखा वासही येऊ शकतो. गाजराची ही रीत १९६८ पासून वापरात आहे. भिंग दहा पटींचं मिळालं तरी पुरे.

आणि छिद्रं दिसलीत ते हलक्यात घेऊ नका. तो भुंगेरा बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो.

दिंडोरी भाजीपाला · १३ जून, रात्री ८:१०

धाग्यात शिरतो, माफ करा. माझं पीक टोमॅटो, पण दुखणं हेच. दोन वर्षांपूर्वी मीही दिसेल ते ओतलं होतं. शेवटी एका ओळखीच्याने ग्लासचा प्रयोग दाखवला. बसलेल्या झाडाच्या खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापायचा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात अर्धा बुडेल असा लटकवायचा. पाच मिनिटांत कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूजन्य मर. त्याला कुठलंच बुरशीनाशक चालत नाही. धार नाही, खालची पानं एका अंगाने पिवळी आणि खोड उभं चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघ असेल तर फ्युजॅरियम.

माझ्याकडे धार आली. मी तोवर आठ हजारांची बुरशीनाशकं सोडली होती.

मातीचा डॉक्टर · १३ जून, रात्री ९:००

दिंडोरीकर, अगदी बरोबर. झाड हिरवंगार असताना दुपारी माना टाकतं, सकाळी सावरतं आणि तीन-चार दिवसांत जातं, तो राल्स्टोनिया जिवाणू. तिथे उपाय शेतात नाही, रोपात आहे. जंगली वांग्यावर कलम केलेली रोपं, टोमॅटो-वांगी-मिरची एकामागे एक न घेणं आणि सरीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात न जाऊ देणं. फ्युजॅरियमचं तसं नाही. तिथे प्रतिकारक संकरित जाती मिळतात. मात्र जमिनीत सूत्रकृमी जास्त असेल तर प्रतिकारक जातही दगा देते, कारण मुळीला जखम आधीच झालेली असते.

येवल्याची शेतकरीण · १४ जून, सकाळी ७:३०

सर, हरभऱ्यालाही मर येते. बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र चोळलं तर चालेल का? आमच्या गटातल्या बायका दरवर्षी हेच विचारतात.

मातीचा डॉक्टर · १४ जून, सकाळी ११:२०

ताई, हा प्रश्न आणि मोसमकाठचा प्रश्न एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे. ती रोगाच्या बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि तिच्यावर जगते. १९३२ मध्ये वाइन्डलिंग या शास्त्रज्ञाने हे दाखवलं तेव्हापासून जैविक नियंत्रणाचा हा पाया आहे. पण बुरशीनाशकाला मित्र-शत्रू कळत नाही. कार्बेन्डाझिम, थायोफिनेट मिथाईल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही सगळी ट्रायकोडर्मालाही मारतात किंवा तिची वाढ रोखतात. मोसमकाठने एकाच ड्रममध्ये दोन्ही कालवलं, म्हणजे ट्रायकोडर्माचे पैसे ड्रममध्येच गेले.

सगळीच औषधं अशी नाहीत. मेटॅलॅक्झिल ट्रायकोडर्मा बऱ्यापैकी सोसते. थायरम, कॅप्टन, मॅन्कोझेब कमी प्रमाणात काही अंशी सोसते. स्यूडोमोनास आणि बॅसिलस ही जैविकं म्हणजे जिवाणू आहेत, त्यांचं गणित निराळं. कार्बेन्डाझिमने त्यांचं फारसं बिघडत नाही, पण तांबं स्यूडोमोनासला बाधतं. बॅसिलस बीजाणू करून तग धरतो, म्हणून तो त्यातल्या त्यात दणकट.

हरभऱ्याला सोपा रस्ता धरा. दिग्विजय, फुले विक्रम यांसारखं मर सहन करणारं वाण घ्या आणि ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळा. शेवटी रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू), सावलीत सुकवून लगेच पेरणी. प्रतिकारक वाण आणि ट्रायकोडर्मा असताना कार्बेन्डाझिमचा आग्रह नको. शेतात मर जुनी असेल आणि रासायनिक प्रक्रिया करायचीच ठरली, तर ट्रायकोडर्मा बियाण्याला लावू नका, शेणखतातून सरीत द्या.

येवल्याची शेतकरीण · १४ जून, दुपारी ३:००

कळलं सर. गटात वाचून दाखवते.

मोसमकाठ · २२ जून, रात्री ८:४५

गाजराचा डबा आज उघडला. काळे ठिपके आहेत, मुलाच्या शाळेच्या भिंगातून मानाही दिसल्या. निरोगी झाडाच्या डब्यात काही नाही. वास अगदी केळ्याचा. कृषी विज्ञान केंद्रातूनही तेच कळलं: सेराटोसिस्टिस, सोबत थोडी सूत्रकृमी. आता ११ झाडं गेलीत. सांगा सर.

मातीचा डॉक्टर · २३ जून, सकाळी ७:००

नीट वाचा आणि घाई करू नका.

बुरशी एकदा खोडाच्या नळ्यांत शिरली की अर्धं वाळलेलं झाड कुठल्याच औषधाने परत येत नाही. ट्रायकोडर्माने तर नाहीच, ती मुळाभोवतीच्या मातीत काम करते, लाकडाच्या आत नाही. त्यामुळे ११ झाडांचा मोह सोडा. आपल्याला वाचवायची आहेत ती त्यांच्या शेजारची, जी आज हिरवी दिसतात.

११ झाडं मुळासकट काढा, ओढत नेऊ नका. बुंध्याला जुनं प्लॅस्टिक बांधा, उचलून बांधावर न्या आणि तिथेच जाळा. सरपणाला घरी नेऊ नका, भुंगेरा त्यातच असतो. बाधित झाडं आणि निरोगी झाडं यांच्यामध्ये तीन-चार फूट खोल चर खणा, कारण हा रोग मुळीला मुळी लागून सरकतो. तुमची झाडं एकाला एक लागून गेली ती त्यामुळेच. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि करवत प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवा.

मग आळवणी. चराच्या बाहेरच्या दोन-दोन ओळींना प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, २ मिली प्रति लिटर, झाडाला ८ ते १० लिटर, २० दिवसांच्या अंतराने ३ वेळा. घेण्याआधी बाटलीवरचं लेबल आणि केंद्राची सध्याची शिफारस एकदा पडताळा. जमीन वाफशावर (ओल आहे, पण चिखल नाही) असताना करा. पावसाने आळं भरलेलं असताना ओतलं तर औषध खाली निघून जातं. सध्या झाडावर फळ नाही म्हणूनच मी हे सांगतोय. फळ असताना ही आळवणी करू नका.

भुंगेऱ्यासाठी जुन्या शिफारशीत क्लोरपायरीफॉस सोबत असायचं. तुमचा माल युरोपला जात असेल तर सावध. तिथे २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि अवशेषाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. पर्यायी कीटकनाशक केंद्राकडून लिहून घ्या. खोडाला गेरू आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडचा लेप मात्र द्याच.

तिसऱ्या आळवणीनंतर किमान २० दिवस काही करू नका. जैविकाची पाळी त्यानंतर.

निसर्गशेत चांदवड · २३ जून, सकाळी ९:१५

सर, मनापासून विचारतो. प्रोपिकोनॅझोलने जमिनीतले चांगले जीवही मरतात ना? मग ट्रायकोडर्मा नंतर टाकून काय राहतं?

मातीचा डॉक्टर · २३ जून, दुपारी १२:४०

काही मरतात, खरं आहे. म्हणूनच ६२० झाडांना नाही, फक्त बाधित पट्ट्याच्या भोवती आळवणी. बाकीच्या बागेला पहिल्या दिवसापासून जैविकच द्या, तिथे रासायनिक नको. तुमच्या बागेत मर आली नाही याचं श्रेय तुमच्या शेणखताला आहेच, ते मी नाकारत नाही. निरोगी जमिनीत जैविक एकटं पुरतं. पण रोगाचा भार वाढलेल्या आळ्यात ट्रायकोडर्मा टाकली तर तिला पाय रोवायला जागा मिळत नाही. रसायनाने आधी तो भार खाली आणायचा आणि मग रिकाम्या जागेवर ट्रायकोडर्माने ठाण मांडायचं.

सिन्नर कृषी सेवा · २३ जून, रात्री ९:३०

मी कृषी सेवा केंद्रात काम करतो. आमच्या बाजूनेही चुका होतात, हे कबूल करतो. गिऱ्हाईक घाईत असतं आणि आम्ही दोन्ही पुड्या हातात देतो. ट्रायकोडर्मा घेताना पाकिटावर उत्पादनाची आणि अंतिम तारीख बघा. दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू ही तिची मानकाची मर्यादा आहे, तो आकडा छापलेला असतो. दुकानात पाकीट उन्हाच्या खिडकीत ठेवलेलं असेल तर घेऊ नका.

दिंडोरी भाजीपाला · २४ जून, सकाळी ६:३०

आणि ठिबकमधून सोडणार असाल तर रासायनिक सोडलेली व्हेंचुरी (ठिबकात औषध ओढून घेणारी नळी) आणि टाकी आधी स्वच्छ पाण्याने धुवा. जैविक सोडल्यावर लगेच ॲसिड किंवा क्लोरीन सोडू नका. मी एकदा सोडलं होतं.

मोसमकाठ · २६ ऑगस्ट, रात्री ९:००

मंडळी, बरेच दिवस लिहिलं नाही. तीन आळवण्या २५ जून, १५ जुलै आणि ४ ऑगस्टला झाल्या. दुसऱ्या वेळी पाऊस लागला होता, दोन दिवस थांबून वाफसा आल्यावर केली. चर खणायला चार माणसं तीन दिवस लागली. वडील स्वतः चराच्या काठावर बसून होते.

जुलैत आणखी ३ झाडं गेली, तिन्ही चराच्या आत. बाहेर एकही नाही.

आज ट्रायकोडर्मा दिली. सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे १०० किलो कुजलेल्या शेणखताला १ किलो या हिशेबाने सावलीत ढीग लावला, वर ओलं गोणपाट, पंधरा दिवसांत दोनदा वरखाली केला. ढिगावर हिरवट-पांढरी साय आली तेव्हा आईने हातात घेऊन वास घेतला आणि पावसाळ्यातल्या मातीचा वास आहे म्हणाली. सूत्रकृमीसाठी निंबोळी पेंड आणि पॅसिलोमायसिस ही जैविक बुरशी सोबत दिली. बाधित ओळींच्या मधे झेंडू लावलाय.

एक विचारायचं आहे. आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. ट्रायकोडर्मा टिकेल?

मातीचा डॉक्टर · २७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

चांगला प्रश्न. ट्रायकोडर्माला किंचित आंबट जमीन मानवते. चुनखडीत ती शेणखताच्या आधाराने जगते, उघड्या मातीत नाही. म्हणून एकदा देऊन भागणार नाही. दर दोन महिन्यांनी शेणखतासोबतच द्या, बुंध्यापासून जरा दूर, जिथे पांढरी मुळी चालते तिथे. मधल्या महिन्यात बॅसिलस सबटिलिस द्या, त्याला तुमचा सामू चालतो. आळ्यावर पाचट किंवा गवताचं आच्छादन ठेवा. कोरड्या, तापलेल्या मातीत दोन्ही जातील.

बाधित पट्ट्याच्या चार ओळींचा हस्त बहार यंदा धरू नका. ताण देऊन पानगळ केली की थकलेलं झाड रोगाला वाट देतं. बाकीच्या बागेत हलका धरा.

कसमादे डाळिंब · २७ ऑगस्ट, रात्री ८:००

चार ओळींचा बहार सोडणं सोपं नाही सर. हप्ते असतात.

मातीचा डॉक्टर · २७ ऑगस्ट, रात्री ८:३५

जाणतो भाऊ. म्हणूनच चारच ओळी म्हटलं.

मोसमकाठ · ९ मार्च, संध्याकाळी ७:२०

बहार सोडला. चार ओळींचा. घरात बोलाचाली झाली, पण सोडला.

आजचा हिशेब: एकूण १६ झाडं गेली. १४ पावसाळ्यापर्यंत आणि नंतर २. त्यातलं एक चराच्या बाहेर, दुसऱ्या ओळीत गेलं. कापून पाहिलं तर तिथे छिद्रं होती, म्हणजे ते भुंगेऱ्याने नेलं असावं. त्या झाडाभोवती वेगळी आळवणी केली, त्या भागात झाडावर फळ नव्हतं. बाकीच्या ओळींची तोडणी चालू आहे. सोडलेल्या ओळींत पांढरी मुळी दिसायला लागली, फोटो टाकलाय.

रिकाम्या १६ खड्ड्यांचं काय करू? नांग्या भरायला गुटी कलमं सांगून ठेवलीत.

मातीचा डॉक्टर · १० मार्च, सकाळी ६:४५

कलमं पावसाळ्यापर्यंत थांबवा. खड्ड्यातल्या उरल्या मुळ्या वेचून काढा. एप्रिलमध्ये खड्डे भिजवा आणि पारदर्शक पातळ प्लॅस्टिकने कडा मातीत दाबून सहा आठवडे झाका. काळं प्लॅस्टिक नको, ऊन आत जायला हवं. इस्राएलमध्ये कॅटन या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवलेली ही रीत आपल्या एप्रिल-मेच्या उन्हासाठीच केल्यासारखी आहे. प्लॅस्टिक काढल्यावर जमीन काही दिवस मोकळी असते. त्याच आठवड्यात ट्रायकोडर्माचं शेणखत भरा, म्हणजे पहिली वस्ती तिची होईल.

कलमं ज्या बागेतून येणार आहेत ती बाग स्वतः जाऊन पाहा. मर बऱ्याचदा पिशवीतल्या मातीतून येते.

मोसमकाठ · १० मार्च, रात्री ९:१०

रविवारी रोपवाटिकेवर जाऊन येतो. शेजारच्या आबांच्या बागेत परवा एक फांदी पिवळी दिसली. ते दुकानात निघाले होते, त्यांना थांबवलं. उद्या सकाळी दोघं मिळून कापून पाहणार आहोत. गाजरं आणून ठेवलीत.